कपाटाची किल्ली

१. बंद कपाट

एका गावात चावडीशेजारी एक खोली होती. खोलीत लाकडी कपाट होते. कपाटात शे-दीडशे पुस्तके होती. काही शेतीची होती, काही कायद्याची होती, काही संतांची होती. कपाटाला भले मोठे कुलूप होते.

किल्ली कोणाकडे? कोणी म्हणे, जुन्या सरपंचांकडे. कोणी म्हणे, शाळेत असेल. असे सात-आठ पावसाळे गेले. शेवटी एक दिवस कुलूप तोडले. पाहतो तो काय, खालच्या दोन फळ्या वाळवीने खाल्लेल्या. पुस्तकाला हात लावला की पानांचा भुगा हाती येई.

ती पुस्तके कोणी चोरली नाहीत. कोणी जाळली नाहीत. सर्वांनी ती जपूनच ठेवली होती. पण ती कोणी उघडली नाहीत, म्हणून ती गेली.

आपल्या मराठीत 'वाचणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. अक्षरे वाचणे हा एक. जीव वाचणे हा दुसरा. पुस्तकाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच होतात. जे पुस्तक लोक वाचतात, तेच वाचते.

आमच्या रात्रीच्या वर्गातले एक जिभाऊ मला म्हणाले, "गुरुजी, माले आते वाचता येस. पन वाचू काय? गावमा पेपर बी येत नही."

त्यांच्या खिशात मोबाईल होता. मी म्हणालो, "जिभाऊ, पुस्तकांचे एक मोठे कपाट तुमच्या खिशातच आहे. तुम्ही वाचायला शिकलात, म्हणजे त्याची किल्लीही तुमच्या हाती आली."

हे कसे, ते या पाठात पाहू. पण आधी आपल्या खानदेशातली एक गोष्ट ऐका.

२. बहिणाबाईंची गाणी कशी राहिली

जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तिथे १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. त्यांचे सासर जळगावच्या चौधरी घराण्यात. शेतकऱ्याचे घर. ऐन तारुण्यात नवरा गेला. पदरात लहान मुले. बाईंनी शेत राखले, घर राखले, मुले वाढवली.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. पण काम करता करता त्या गाणी रचीत. शेतावर, घरोट्यावर, चुलीजवळ त्यांना ओळी सुचत. त्या ओळी कुठे लिहिलेल्या नसत. तोंडातून निघत आणि वाऱ्यावर जात.

त्यांचे चिरंजीव सोपानदेव पुढे कवी झाले. ते आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडची काही गाणी ऐकली, तशी कागदावर उतरून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. नंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी गाणी पाहिली आणि ती छापलीच पाहिजेत असा आग्रह धरला. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. सगळ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचेच नाव दिले गेले. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिचे नाव आज मुलांच्या पदवीच्या कागदावर असते.

आता विचार करा. त्या दोघांनी कागद-पेन्सिल हाती घेतली नसती तर? बाई तेवढ्याच थोर असत्या. गाणी तेवढीच गोड असती. पण आज आपल्यापर्यंत त्यातला एक शब्दही आला नसता. जेवढे लिहिले, तेवढेच राहिले. जे लिहिले नाही, ते बाईंबरोबर गेले.

३. जात्यावरच्या ओव्या

बहिणाबाई एकच झाल्या. पण दळताना ओव्या म्हणणाऱ्या बाया गावोगावी होत्या. पहाटे उठायचे, जात्याला खुंटा ठोकायचा आणि दळता दळता मनातले सुख-दुःख ओवीत घालायचे. मग गावात पिठाची गिरणी आली. हाताचे कष्ट गेले, हे फार चांगले झाले. पण जाते थांबले, तशी ओवीही थांबली.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघे काम करीत होते. गी हे मूळचे फ्रान्स देशाचे, पण पुण्यात येऊन राहिलेले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या सुमारे हजार गावांतल्या बायांकडून ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाहून अधिक! काही लिहून घेतल्या, काही आवाजासकट टिपून ठेवल्या.

हा सगळा ठेवा एखाद्या कपाटात राहिला असता, तर तुम्हांला-आम्हांला त्याचा काय उपयोग? पण तसे झाले नाही. 'पारी' नावाचा एक संग्रह आहे. खेड्यातल्या लोकांचे जगणे नोंदवून ठेवण्यासाठी पत्रकार पी. साईनाथ यांनी तो २०१४ साली सुरू केला. या संग्रहाची इमारत नाही. तो इंटरनेटवर आहे. २०१७ सालापासून त्यात या ओव्या देण्यास सुरुवात झाली. मोबाईलवर ओवी मराठीत वाचता येते. अनेक ओव्या म्हणणाऱ्या बाईच्या आवाजात ऐकताही येतात. पैसे पडत नाहीत.

मी हे प्रथम ऐकले तेव्हा माझ्या आईची आठवण झाली. तीही ओव्या म्हणे. मी शाळेत मुलांना कविता पाठ करून घेतल्या. पण आईची एकही ओवी मी लिहून ठेवली नाही. आज मला त्यातले तीन-चार शब्द आठवतात, पुढचे आठवत नाही. विचारायला आई नाही.

४. धुळ्याचे दप्तर

गाण्यांचे झाले. आता कागदांचे पाहू.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जुने कागद मिळवण्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला. वाडे, मठ, देवळे, कुळकर्ण्यांची दप्तरे, जिथे जुना कागद असेल तिथे ते जात. ते कागद बहुतेक मोडी अक्षरांत असत. राजवाडे ते वाचून उतरून घेत आणि छापत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी २२ खंड काढले. पहिला खंड १८९८ साली निघाला.

आयुष्याच्या शेवटी राजवाडे धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले. त्यांचे काम थांबू नये म्हणून धुळ्याच्या मंडळींनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नाव मंदिर, पण तिथे जपतात त्या पोथ्या. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या मठामठांतून मिळवल्या. त्या तिथे ठेवल्या आहेत.

पण पोथीची एकच प्रत असली तर तिला पुष्कळ शत्रू असतात. वाळवी, कसर, ओल, आग, पूर. कधी कधी माणूसही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला. जुन्या पोथ्यांची आणि पुस्तकांची नासधूस झाली. शेकडो वर्षे टिकलेला कागद एका सकाळीत फाटला.

शेतकरी सगळे बियाणे एका कणगीत ठेवीत नाही. थोडे घरात, थोडे भावाकडे. एका कणगीला उंदीर लागले तरी पेरणी चुकत नाही. पोथीचेही तसेच करावे लागते. एकीच्या अनेक प्रती कराव्या आणि त्या अनेक ठिकाणी ठेवाव्या. आज हे काम यंत्राने सोपे झाले आहे.

५. कागद पडद्यावर कसा येतो

हे काम चार पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी, फोटो. पुस्तकाच्या एकेका पानाचा स्वच्छ फोटो घेतात. याला स्कॅन करणे म्हणतात. जुने पान फाटू नये म्हणून हलक्या हाताने उलटावे लागते.

दुसरी पायरी, नाव-गाव. पुस्तकाचे नाव काय, लिहिले कोणी, छापले कधी, कुठे, विषय कोणता, हे फोटोंसोबत लिहून ठेवतात. ही पायरी लोकांना किरकोळ वाटते, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. बाजार समितीत पोत्यावर चिठ्ठी नसेल तर माल कोणाचा ते कळत नाही. तसेच हे आहे. नाव-गाव लिहिले नाही तर लाख पुस्तकांत आपले पुस्तक सापडणार नाही.

तिसरी पायरी, अक्षर-ओळख. फोटो म्हणजे नुसते चित्र. त्यातला शब्द शोधता येत नाही. म्हणून संगणक चित्रातली अक्षरे ओळखून पुन्हा टाईप करतो. पण तो चुकतो. कुठे 'घ'ला 'ध' म्हणतो, कुठे 'भ'ला 'म' म्हणतो. मग माणूस मूळ पान समोर ठेवून चुका सुधारतो. 'विकिस्रोत' नावाच्या ठिकाणी मराठी पुस्तकांचे हे काम लोक आपखुशीने, पगार न घेता करतात.

चौथी पायरी, अनेक जागी ठेवणे. त्याच्या प्रती वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या संगणकांवर ठेवतात. एक बंद पडला तरी दुसरा असतो.

मात्र कोणतेही पुस्तक उचलून इंटरनेटवर टाकता येत नाही. लिहिणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. आपल्या देशात तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. तोवर लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागते. ती मुदत संपली की पुस्तक सर्वांचे होते.

६. कोहा म्हणजे भेट

ग्रंथालयात हजारो पुस्तके असतात. कोणते पुस्तक कुठे आहे, कोणी नेले, कधी परत येणार, हे सांभाळायला पूर्वी मोठमोठ्या वह्या असत. आता हे काम संगणक करतो. पण त्यासाठी संगणकाला कामाची रीत सांगावी लागते. या रीतीला सॉफ्टवेअर म्हणतात. काही सॉफ्टवेअर फार महाग असतात. लहान ग्रंथालयाला ते परवडत नाहीत.

न्यूझीलंड नावाचा देश आहे. समुद्रापार, फार दूर. तिथे लेविन नावाचे लहान गाव आहे. तिथल्या ग्रंथालयासमोर १९९९ साली एक अडचण आली. त्यांचा जुना संगणक सालाचे शेवटचे दोनच आकडे लिही. १९९९ साठी '९९'. मग २००० साल येताच तो '००' लिहिणार आणि सगळा हिशेब बिघडणार! नवे सॉफ्टवेअर विकत घेणे महाग. म्हणून त्यांनी आपल्यापुरते नवे करून घेतले. २००० सालच्या जानेवारीत ते सुरू झाले.

आणि मग त्यांनी काय केले? ते साऱ्या जगाला फुकट दिले. त्याचे नाव ठेवले 'कोहा'. तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या भाषेत कोहा म्हणजे भेट. पण ही भेट एकतर्फी नसते. आपल्याकडे लग्नात आहेर करतात ना? आज त्यांनी आपल्याला केला, उद्या आपण त्यांना करायचा. कोहा तसाच आहे.

अशा सॉफ्टवेअरला 'मुक्त स्रोत' म्हणतात. त्याची कृती उघडी असते. एका सुगरणीने शेवभाजीची कृती सर्वांना सांगितली, असे समजा. कोणीही करून पाहावी. तिखट कमी-जास्त करावे. आणखी चांगली जमली तर ती कृती पुन्हा सर्वांना सांगावी. कोहाचे तसेच झाले. देशोदेशीच्या लोकांनी त्यात भर घातली. आज भारतातलीही अनेक ग्रंथालये कोहा वापरतात. त्यात पुस्तकांची नोंद मराठीत, देवनागरी अक्षरांत ठेवता येते.

सॉफ्टवेअर फुकट मिळते खरे. पण संगणक लागतो, वीज लागते आणि नोंदी करणारे माणूस लागते. आहेरात मिळालेले भांडेही घासावे लागतेच.

७. पिंपळनेरचे शास्त्रीबुवा

आता जिभाऊंचा प्रश्न घेऊ. वाचायचे काय?

धुळे जिल्ह्यात पिंपळनेर आहे. तिथे १९०१ साली लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म झाला. ते वाईला शिकले आणि मोठे पंडित झाले. लोक त्यांना तर्कतीर्थ म्हणत. जगातले सगळे मुख्य ज्ञान मराठीत यावे म्हणून 'मराठी विश्वकोश' हे मोठे काम सुरू झाले. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ होते. पहिला खंड १९७६ साली निघाला. पुढे एकूण २० खंड झाले. अखेरचा खंड निघाला तेव्हा तर्कतीर्थ हयात नव्हते. ते १९९४ सालीच वारले.

हे वीस खंड घरी आणायचे तर कपाटही लागेल आणि पैसेही. पण आज विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. पाहा कसे:

मोबाईलमध्ये शोधण्याची जागा उघडा. तिथे माईकचे चित्र असते. त्यावर बोट ठेवा आणि म्हणा, "मराठी विश्वकोश केळ." किंवा "मराठी विश्वकोश कापूस." समोर नावे येतील. त्यात 'विश्वकोश' हा शब्द वाचून पाहा आणि त्यावर बोट ठेवा. बोलता तुम्हांला पूर्वीही येत होते. पण आलेल्या दहा नावांतले नेमके कोणते उघडायचे, हे वाचणाऱ्यालाच कळते. किल्ली म्हणालो ती हीच.

भाषा जड वाटली तर घाबरू नका. एक परिच्छेद वाचा. अडलेला शब्द वर्गात विचारा.

८. पाखडून घ्या

मोबाईलवर धान्य आहे, तसे खडेही आहेत. सूप हाती घेतल्याशिवाय काही घेऊ नका. चार गोष्टी पाहा.

हे कोणी लिहिले? नाव नसलेल्या मजकुरावर विश्वास ठेवू नका. "पुढे दहा जणांना पाठवा" असे म्हटले असेल तर मुळीच पाठवू नका.

हे कधी लिहिले? विश्वकोशाचे सुरुवातीचे खंड १९७० च्या दशकातले आहेत. बीटी कापसाची लागवड भारतात २००२ साली सुरू झाली. म्हणजे त्या खंडात कापसाविषयी जे छापले, त्यात बीटी कसा असणार? मूळ माहिती खरी असते, पण साल पाहूनच घ्यावी. फवारणीसाठी कृषी अधिकाऱ्याला विचारा. दुखण्यासाठी डॉक्टरला विचारा.

दुसरीकडेही हेच लिहिले आहे का? एकाच ठिकाणी वाचून लगेच खरे मानू नये. 

पैसे किंवा ओटीपी मागतात का? ओटीपी म्हणजे मोबाईलवर येणारा गुप्त आकडा. लेख वाचायला कोणाला ओटीपी सांगावा लागत नाही. कोणी फोन करून मागितला, तर तो चोर आहे असे समजा आणि फोन ठेवा.

९. आता आपली पाळी

आहेर मिळाला. आता परत करायचा.

आपल्या वर्गात एक आजी आहेत. त्यांना कानबाईची गाणी येतात. लग्नातली येतात. जात्यावरच्याही येतात. गेल्या श्रावणात त्यांची नात म्हणाली, "आजी, तू म्हण, मी मोबाईलवर धरते." आजी लाजल्या. "माझ्या गाण्यात काय आहे?" म्हणाल्या. मग एक गाणे म्हटले. मग दुसरे. त्या रात्री सात गाणी झाली.

नातीने गाणी धरली, पण नाव-गाव लिहिले नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतः वहीत लिहिले. सहा महिन्यांपूर्वी त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांनी लिहिले: गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, गाणे कोणाकडून शिकले, केव्हा म्हणतात, तारीख. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.

तुम्हीही असेच करा. आधी गाणाऱ्याची परवानगी घ्या. त्यांनी 'हे कोणाला ऐकवू नका' म्हटले तर ऐकवू नका. नाव-गाव-तारीख लिहा. एक प्रत मोबाईलमध्ये, एक दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये आणि शब्द वहीत. मोबाईल पाण्यात पडला तरी वही राहील.

घरात मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका. फोटो काढा. कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवा. मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

कपाट भरायला पंडित लागतो असे नाही. बहिणाबाई पंडित नव्हत्या. त्यांच्याजवळ बसून लिहून घेणारा कोणी होता, एवढेच. तुमच्या घरातही कोणी म्हातारे माणूस असेल. आज रात्री जेवणानंतर त्यांच्याजवळ बसा. वही बरोबर घ्या.

आठवा आणि सांगा

१. कपाटातली पुस्तके जपून ठेवली होती, तरी ती का गेली?
२. बहिणाबाईंची गाणी कोणी लिहून ठेवली?
३. राजवाडे गावोगाव कशासाठी हिंडत?
४. कोहा आणि आहेर यांत सारखेपणा कोणता?
५. मोबाईलवरचा मजकूर खरा मानण्याआधी कोणत्या चार गोष्टी पाहाल?

नवे शब्द

दप्तर: जुन्या कागदांचा बांधून ठेवलेला संग्रह.
हस्तलिखित: हाताने लिहिलेले.
स्कॅन करणे: यंत्राने पानाचा फोटो घेणे.
मुक्त स्रोत: ज्याची कृती सर्वांना उघडी असते असे.
विश्वकोश: सर्व विषयांची माहिती देणारा ग्रंथ.

करून पाहा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक गाणे, म्हण किंवा जुनी गोष्ट ऐका. ती वहीत लिहा. खाली त्यांचे नाव, गाव आणि तारीख घाला. पुढच्या वर्गात वाचून दाखवा.